रेषेवरची बाटली

शाळेत त्यांना सगळे 'सावकाश सर' म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत आणि प्रिन्सिपल फादर चुकून एकदा भर प्रार्थनेत म्हणून गेले होते. रसायनशास्त्राचे ते विभागप्रमुख. विभाग म्हणजे तरी काय, तर ते स्वतः, एक नवखे मास्तर आणि वर्षानुवर्षं गळणारा एक नळ. पण त्या विभागात पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर पडायचा तो 'सावकाश'. परीक्षानळी उचलली की सावकाश. बर्नर पेटवला की सावकाश. एकदा एका मुलाने नुसता पाण्याचा पेला हातात घेतला तर सर म्हणाले, "सावकाश, त्यात काय आहे कोणाला ठाऊक!" पाणीच होतं, त्यांनीच भरून ठेवलेलं.

मुलांनी याचा खेळ करून टाकला होता. शाळा नुसत्या मुलांची, त्यात पाद्रीबुवांची शिस्त कडक, म्हणजे टवाळकीला जागा मिळेल तिथे ती दुप्पट उगवणार. खेळ असा, की सर 'सावकाश' म्हणाले रे म्हणाले की हातातली वस्तू निसटल्याचं सोंग करायचं. दचकायचं, वस्तू वर उडवायची आणि शेवटच्या क्षणी झेलायची. सरांचा चेहरा पांढराफटक पडला की जिंकलं. या खेळात सगळ्यात पटाईत कोण, तर सरांचा सख्खा भाचा. दहावीत होता. त्याने एकदा भरलेलं चंचुपात्र असं झेललं होतं की मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. सर त्या दिवशी डबा न खाताच घरी गेले.

भित्रेपणा त्यांना जन्मजात नव्हता. ते याच शाळेत शिकले, इथल्याच वसतिगृहात राहिले. नववीत असताना शेजारच्या स्टुलावरच्या मुलाने गंमत म्हणून ओल लागताच पेट घेणाऱ्या सोडियमचा खडा स्वतःच्या खिशात टाकला. उन्हाळ्याचे दिवस, खिशात घामेजलेला रुमाल. पुढे काय झालं ते सरांनी बायकोलासुद्धा कधी धड सांगितलं नाही. एवढंच सांगत, की तो ओरडला तेव्हा मला वाटलं मीच ओरडलो. तो मुलगा शाळेत परत आला नाही. आणि सरांनी पुढे शिकायला नेमका तोच विषय घेतला. बायकोने एकदा विचारलं, "एवढी भीती वाटते तर इतिहास शिकवायचा होता." सर म्हणाले, "ज्याची भीती वाटते त्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असली तर मला झोप लागत नाही."

बहीण त्यांच्याहून लहान, दुसऱ्या गावी दवाखान्यात नर्स. तिचा नवरा मोटरसायकल वाऱ्यासारखी हाकणारा, एक दिवस तो तसाच गेला. त्यानंतर तिने मुलाला आणून भावाच्या दारात उभं केलं. मुलाचं दप्तर खाली ठेवून म्हणाली, "दादा, तू घाबरट आहेस ना, म्हणूनच याला तुझ्या हवाली करतेय. बापाचं रक्त आहे अंगात. तुझ्याकडे राहिला तर हातीपायी धड राहील." सरांना तेव्हा हसावं की रडावं कळेना. घाबरट म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांच्यावर भरवसा टाकला होता. घरी मामा म्हणायचं आणि शाळेत सर, एवढा एकच नियम त्यांनी भाच्याला घालून दिला. बाकीचे नियम मामीने घातले.

आता त्या बाटलीकडे येऊ.

रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एक सामानाची खोली होती. अरुंद, एकच खिडकी, दोन्हीकडून एकेक दार. जीवशास्त्राचे प्रमुख होते एक म्हातारे ब्रदर. जन्मभर मुलांकडून बेडूक कापून घेतले, म्हणून ते 'बेडूक ब्रदर'. फार पूर्वी ब्रदरांच्या विभागाने रसायनवाल्यांचा नाजूक वजनकाटा न विचारता नेला आणि परत आला तेव्हा त्याच्या पारड्यात बेडकाची तंगडी होती. भांडण असं पेटलं की दोन्ही विभागप्रमुख चॅपलमध्येही वेगवेगळ्या बाजूला बसू लागले. शेवटी त्या वेळच्या प्रिन्सिपल फादरांनी रंगारी बोलावला आणि खोलीच्या मधोमध, जमिनीवरून, भिंतीवरून आणि प्रत्येक फळीवरून एक पांढरी रेषा ओढून घेतली. इकडचं रसायनशास्त्राचं, तिकडचं जीवशास्त्राचं. तेव्हापासून रेषेपलीकडच्या वस्तूला कोणी बोट लावत नसे. अगदी धूळसुद्धा आपापली पुसत.

वरच्या फळीवर, बरोबर त्या रेषेवर, एक काचेची बाटली उभी होती. आत पिवळी पूड. पिक्रिक ॲसिड. जीवशास्त्रवाल्यांना ते प्राण्यांचे तुकडे टिकवायच्या द्रावणात लागे, रसायनवाल्यांना एकदोन प्रयोगांना. ओलं असेपर्यंत ते गरीब असतं. वाळलं की त्याच्यासारखं वाईट काही नाही, दारूगोळ्यात भरतात त्यातलीच ती जात. म्हणून दरवर्षी झाकण उघडून त्यावर पाणी घालायचं असतं. झाकणाच्या आट्यांमध्ये वाळलेले खडे अडकले तर नुसतं झाकण फिरवणंसुद्धा पुरतं.

त्या सकाळी विभागप्रमुखांची बैठक होती. प्रिन्सिपल फादर नवे, तरुण आणि उत्साही. दोन्ही प्रयोगशाळांमधली ती खोली पाडून एक मोठा सायन्स हॉल करायचा त्यांनी घाट घातला होता. सर म्हणाले होते, की बाकं मुलांनी हलवावीत, पण रसायनं शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटा हलवीन, एकेक. फादर 'बरं बरं' म्हणाले होते. आज बैठकीत भाषेच्या बाई नव्या हॉलमधलं एक कपाट आपल्याला मागत होत्या, गणिताचे सर त्यांना हॉलचं क्षेत्रफळ समजावत होते आणि इतिहासाचे सर नेहमीप्रमाणे बिस्किटांच्या बशीजवळ बसले होते.

"कपाटांचा वाद आत्ता नको," फादर हसून म्हणाले, "ती रिकामी होतायतच. गवंडी दोन दिवस आधी आला, म्हणून मी दहावीच्या मुलांना लावलंय कामाला. हात भरपूर आहेत, दुपारपर्यंत उरकतील."

सरांच्या हातातला कप बशीवर टेकला नाही. "कुठली कपाटं, फादर?"

"मधल्या खोलीतली."

"पण किल्ली माझ्याकडे आहे."

"ऑफिसात दुसरी असते की."

सरांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात ते त्या खोलीत शिरले. खालच्या फळीवर आम्लं, ती जड, मुलं जपून उचलतील. मधल्या फळीवर क्षार, पडले तरी झाडूने भरता येतील. स्पिरिट त्यांनी स्वतःच लोखंडी पेटीत कुलपात ठेवलेलं. हळूहळू छातीवरचं ओझं उतरत होतं. मग ते वरच्या फळीवर पोचले. तिथे पिवळी बाटली होती. पण तिची काळजी ब्रदरांना.

"ब्रदर," ते शेजारी वाकून हळूच म्हणाले, "तुमच्या त्या पिवळ्या बाटलीत या वर्षी पाणी घातलंत ना?"

बेडूक ब्रदरांनी चष्मा वर केला. "माझ्या? अहो, ती तुमची."

"नाही हो. तुमची. बेडकांसाठी आणलेली."

"तंगडीच्या भांडणानंतर मी रेषेवरच्या वस्तूला हात लावलेला नाही," ब्रदर म्हणाले. "मला वाटत होतं तुम्ही घालता. तुमच्याइतका जपणारा माणूस..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. ते भांडण झालं तेव्हा सरांच्या डोक्यावर काळे केस होते. तेव्हापासून त्या बाटलीत थेंब पडला नव्हता. त्यांना फादरांना समजावून सांगायचं होतं, पण समजावण्यात जाईल तेवढा वेळ जवळ आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं. ते ब्रदरांना एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगा यांना." आणि उठून धावत सुटले.

सावकाश सर धावताना शाळेने कधी पाहिले नव्हते. मैदानावर खेळाचा तास चालू होता. मुलांनी फुटबॉल सोडून दिला. "सर, सावकाश!" एकजण ओरडला. मग सगळेच ओरडू लागले, "सावकाश, सर, सावकाश!" सरांना ते ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता आवाज होईल. आता. आता. 'खोलीत भाचा आहे' हा विचार त्यांनी मैदान संपेपर्यंत मनात येऊ दिला नाही. जिन्याजवळ तो आलाच.

दहावीच्या मुलांनी साखळी केली होती. मधल्या खोलीतून बाटली निघे, हातोहात पुढे जाई आणि प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर येऊन टेके. हसणं-खिदळणं चालू होतं. बाह्या वर सारलेल्या, केस विस्कटलेले. साखळीच्या त्या टोकाला, शिडीच्या खालच्या पायरीवर, पांढऱ्या रेषेच्या बरोबर वर भाचा उभा होता. डाव्या हातात पिवळी बाटली. उजव्या हाताने तो झाकण पिळत होता.

"सर, ही कोणाची? इकडची का तिकडची?" तो म्हणाला. "झाकण पार चिकटलंय. लेबल वाचता येत नाही म्हणून उघडून बघतोय."

दारापासून शिडीपर्यंत अख्खी साखळी मध्ये होती. जिभेवर शब्द आलाच होता. तोच, जन्मभराचा. सरांनी तो दातांखाली धरला. कारण मुलांचे चेहरे त्यांना दिसले. सगळ्यांच्या ओठांवर हसू फुटायच्या बेतात होतं, सगळे त्या एका शब्दाची वाट पाहत होते. आणि भाच्याचा डावा हात आत्ताच किंचित सैल झाला होता, बाटली वर उडवायला. 'सावकाश' म्हटलं की तो ती उडवणार. 'ठेव' म्हटलं तरी उडवणार. 'स्फोट होईल' म्हटलं तर? सरांनी गेल्या महिन्यात चुन्याच्या निवळीबद्दलही तेच सांगितलं होतं. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीला एकाच आवाजात भिऊन त्यांनी आपला शब्द स्वतःच फुकट घालवला होता, आणि हे त्यांना कळलं ते त्या दारात.

त्या शाळेत एक रीत होती. दुपारी बाराची घंटा झाली की जो जिथे असेल तिथे थिजायचा. चॅपलमधून प्रार्थना सुरू होई आणि जिन्यावरचा जिन्यावर, मैदानावरचा मैदानावर उभा राही. फुटबॉल आपला आपण घरंगळत जाई, कोणी अडवत नसे. कॅथलिक असो की नसो, पहिलीच्या पोरांकडून शाळेतले ब्रदर हे इतकं घोटवून घेत, की मोठेपणीही घंटा ऐकली की माजी विद्यार्थी रस्त्यात थबकत. घंटेला अजून अवकाश होता.

सरांनी उजवा हात कपाळाला नेला.

"पित्याच्या," ते मोठ्याने म्हणाले, "आणि पुत्राच्या..."

आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. पण हात सगळ्यांचे आपोआप हलले. ज्याच्या हातात बाटली होती त्याने ती छातीशी धरली आणि मान खाली घातली. एकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे चोरून पाहिलं, शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. हसू विझलं. शिडीच्या पायरीवर भाचा थिजला, बोटं झाकणावर तशीच.

सरांनी क्रुसाची खूण पुरी केली, प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली आणि दुसरी ओळ त्यांना आठवेना. आईच्या मांडीवर शिकलेली प्रार्थना, रोजची, आणि डोकं रिकामं. पण मुलांना सवय होती. त्यांनी ओळ उचलली, एका सुरात, थोड्या कंटाळलेल्या आवाजात, रोज म्हणतात तशी. त्या आवाजात सर पुढे निघाले. एकेका मुलाच्या बाजूने, अंग चोरून, कोणाच्या कोपराला धक्का लागू न देता.

जवळ गेल्यावर त्यांनी पाहिलं. काचेच्या आतली पूड दगडासारखी वाळली होती. झाकणाच्या कडेला बारीक पिवळे खडे चमकत होते. भाच्याची बोटं टोकांपर्यंत पिवळी झाली होती, म्हणजे झाकण थोडं फिरलं होतं. ते थोडं फिरूनही हा मुलगा अजून उभा होता. त्यांनी दोन्ही हात बाटलीखाली धरले आणि वर पाहिलं.

भाच्याने मामाचा चेहरा इतक्या जवळून पूर्वी कधी पाहिला नसावा. घाम नाकावरून ठिबकत होता. आत्तापर्यंत त्या मुलाला हे सगळं मजेचंच वाटत होतं, ते त्या क्षणी संपलं. भोवती प्रार्थना चालू होती. त्याने आवाज न करता नुसते ओठ हलवले, "मामा."

सरांनी मान हलवली. भाच्याने एकेक बोट उचललं. आधी उजव्या हाताचं, मग डाव्याचं. बाटली सरांच्या हातात आली.

"आमेन," मुलं म्हणाली.

आता हलतील, ढकलाढकली होईल. सर मागे न वळता म्हणाले, "हातातलं टेबलावर ठेवा. रांगेने मैदानात. चॅपलच्या पलीकडे. बोलायचं नाही." बाराच्या प्रार्थनेनंतर जेवणघरापर्यंत गप्प रांगेत जायचं हीदेखील रीतच होती. मुलं गेली. बुटांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. भाचा मात्र शिडीला पाठ लावून उभा.

"तू पण जा."

"आणि तुम्ही?"

"जा म्हणतो ना!" ते असं ओरडले नव्हते कधी. भाचा पळाला.

खोली रिकामी झाली आणि सरांचे हात कापायला लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग कोपरापर्यंत. थांबवू म्हटलं तर जास्तच. बाटलीतली वाळकी पूड काचेवर खरखरत होती आणि ती खरखर त्यांना स्वतःच्या दातांत जाणवत होती. ठेवायला हवी होती, पण वाकलं तर आपण पडू असं वाटत होतं. ते तसेच उभे राहिले आणि मोठ्याने रडू लागले.

दुसऱ्या दारातून बेडूक ब्रदर आले. गुडघ्यांनी त्यांना लवकर येऊ दिलं नव्हतं. धापा टाकत त्यांनी रेषा ओलांडली. जन्मभर बेडकाची नस न तोडता सोडवणारे हात, म्हातारे पण स्थिर. ते त्यांनी सरांच्या हातांखाली धरले. "माझ्यावर भार टाका," ते म्हणाले. "खाली चला. तुम्ही रडा हवं तर, पण खाली चला." दोघे मिळून गुडघ्यावर आले आणि सरांच्या ॲप्रनची घडी करून त्यावर बाटली टेकवली. दोन विभागांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम. मग एकमेकांना धरून, दार न आपटता, ते बाहेर पडले.

पोलिसांचं बॉम्बवालं पथक आलं तोवर दुपार कलली होती. शाळा मैदानाच्या पार टोकाला बसवलेली. मुलांना आता सगळं कळलं होतं, पण विश्वास नव्हता. कोणी म्हणे, एवढीशी बाटली, फटाका होईल फार तर. सरांची नक्कलही एकदोघांनी करून झाली. पथकाने बाटली वाळूच्या पेटीतून शाळेमागच्या ओसाड खाणीत नेली, तारा जोडल्या आणि उडवली.

आवाज जमिनीतून आला. बसल्या जागी सगळ्यांना तो पायांत लागला. चॅपलची एक काच खळकन फुटली, झाडावरचे पक्षी उठले आणि कितीतरी वेळ परत बसले नाहीत. नक्कल करणारा पोरगा तोंड उघडं टाकून बसला होता. भाच्याने आपले दोन्ही हात समोर धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि काखेत दाबून टाकले. प्रिन्सिपल फादर सरांजवळ येऊन काहीतरी म्हणाले, आभाराचं असावं. सरांना ते ऐकू आलं नाही. ते गवतावर बसून भाच्याच्या हातांकडे बघत होते.

रविवारी बहीण आली. भाच्याने हात पाठीमागे लपवले, पण नर्सच्या नजरेतून काय सुटणार. तिने हात ओढून पुढे घेतले. बोटं अजून पिवळीजर्द होती, नखांच्या कडा तर तांबूस.

"हे काय लावून घेतलंस?"

मामी आत निघून गेली. सर खुर्चीवरून उठले आणि उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. रेषा, पाणी, कोणी न घातलेलं. खाणीतला आवाज. काही वगळलं नाही. "माझ्या हवाली केलं होतंस," शेवटी म्हणाले, "आणि बाटली माझ्याच दारात होती. नुसता सगळ्याला भीत राहिलो गं. भ्यायचं होतं तिथे भ्यायचं राहून गेलं."

बहिणीने मुलाला मनगटाला धरून मोरीत नेलं, नळ सोडला, साबण घेतला आणि त्याची बोटं घासू लागली. एकेक बोट, टोकापासून मुळापर्यंत. रंग उतरेना. ती आणखी जोराने घासू लागली. दात आवळलेले, डोळ्यांतून पाणी गळतंय, त्याचं तिला भान नाही. कातडी लाल होऊ लागली. मुलगा कळवळला, पण हात त्याने काढून घेतला नाही.

सर दाराशी उभे होते. सवयीने शब्द ओठांवर आला. त्यांनी तो गिळला आणि नुसता टॉवेल पुढे धरला.